कोटा आणि कायदा : कंबोडियातील शिवणकामगारांसाठीच्या एका अनुदानाचा इतिहास

विकसनशील देशांत कामगारांचे हक्क रुजावेत म्हणून श्रीमंत देशांनी दिलेल्या पैशाचा इतिहास लिहायला घेतला, तर त्यातील बहुतेक पाने रुक्ष निघतील. कार्यशाळा, प्रशिक्षणवर्ग, माहितीपुस्तिका, मूल्यमापनाचे अहवाल आणि मुदत संपताच कुलूप लागलेली कार्यालये यांचीच ती जंत्री होईल. या जंत्रीत कंबोडियाचे प्रकरण वेगळे उठून दिसते, कारण तेथे अनुदानाला प्रथमच व्यापाराची जोड मिळाली. कारखान्यांत कामगार कायदा पाळला जात असल्याचे आढळले, तर त्या देशाला अमेरिकेच्या बाजारात अधिक कपडे विकता येतील, असा करार १९९९ साली झाला आणि कायदा खरोखर पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी अवघ्या १४ लाख डॉलरच्या खर्चाची तपासयंत्रणा उभी राहिली. पुढे या प्रयोगाची इतकी वाहवा झाली की त्याचे अनुकरण तीन खंडांत झाले. मात्र त्याने नेमके काय साधले आणि काय त्याच्या आवाक्याबाहेर राहिले, याचा हिशेब त्या कौतुकात बराचसा झाकला गेला.

हे प्रकरण समजण्यासाठी आधी कोटा म्हणजे काय ते पाहावे लागते. १९७४ साली अमलात आलेल्या बहुतंतू कराराने, म्हणजे व्यापारी जगात ‘मल्टी फायबर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेने, श्रीमंत देशांना गरीब देशांतून येणाऱ्या कापडावर आणि तयार कपड्यांवर नगांच्या हिशेबाने मर्यादा घालण्याची मुभा दिली होती. कोणत्या देशाने वर्षाला किती सदरे, किती पँटी आणि किती स्वेटर पाठवावेत याची संख्या ठरलेली असे. ती संख्या म्हणजे कोटा. मुक्त व्यापाराचा पुरस्कार करणाऱ्या देशांनी आपल्या गिरण्या आणि शिवणगृहे वाचवण्यासाठी केलेली ही सोय तीस वर्षे टिकली, आणि तिचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की हाँगकाँग, तैवान आणि दक्षिण कोरियातील कारखानदार आपला कोटा संपताच, ज्या देशांवर अजून मर्यादा नाही अशा देशांच्या शोधात निघाले. ज्या देशात कधी शिवणकामाचा उद्योग नव्हता, तेथेही केवळ कोटा नाही एवढ्याच गुणावर पत्र्याच्या शेडी उभ्या राहू लागल्या.

कंबोडिया हा असा देश होता. १९७५ ते १९७९ या काळातील ख्मेर रूजच्या राजवटीने तेथील शहरे रिकामी केली होती, शिकलेला वर्ग संपवला होता, आणि त्यानंतरच्या दशकभराच्या यादवीने उरलेसुरले उद्योगही मोडीत काढले होते. ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिस येथे शांतता करार झाला, १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका झाल्या, आणि १९९६ मध्ये अमेरिकेने कंबोडियाला व्यापारातील सर्वसाधारण दर्जा दिल्यामुळे तेथील मालावरचे जबर आयातशुल्क उतरले. राजधानी नॉम पेन्हच्या वेशीवर पाहता पाहता कारखाने उगवले. मालक बहुतांशी तैवान, हाँगकाँग, चीन, कोरिया, मलेशिया आणि सिंगापूर येथील होते, मुकादम चिनी बोलणारे होते, आणि यंत्रावर बसणाऱ्यांपैकी दहात नऊ जणी ग्रामीण प्रांतांतून आलेल्या तरुण मुली होत्या. भातशेतीवर न भागणाऱ्या घरातील थोरली मुलगी राजधानीत यायची, चारपाच जणींबरोबर एका खोलीत राहायची आणि महिन्याच्या पगारातला मोठा वाटा गावी धाडायची. शतकापूर्वी कोकणातून आणि घाटावरून गिरणगावात आलेल्यांच्या मनिऑर्डरींची आठवण मराठी वाचकाला यावी असेच हे चित्र होते. फरक एवढाच की येथे गाव सोडून येणारा पुरुष नव्हता.

कायद्याच्या बाबतीत कंबोडिया मागासलेला नव्हता, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. १९९७ च्या कामगार कायद्यात आठ तासांचा दिवस, अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा, जादा कामाला दीडपट मजुरी, रात्रीच्या आणि सुटीच्या दिवशीच्या जादा कामाला दुप्पट मजुरी, बाळंतपणाची रजा, संघटना बांधण्याचा आणि संप करण्याचा हक्क, असे सारे काही होते. हा कायदा लिहिताना परदेशी सल्लागारांची मदत झाली होती, आणि त्या मदतीमागे अनुदानांचीच एक जुनी परंपरा होती. अमेरिकेतील कामगार महासंघाने १९६८ मध्ये आशियासाठी एक स्वतंत्र संस्था काढली होती. तिचा खर्च मुख्यतः अमेरिकी सरकारच्या परराष्ट्र साहाय्याच्या खात्यातून चाले, आणि शीतयुद्धाच्या काळात आशियातील कामगार चळवळ साम्यवाद्यांच्या हाती जाऊ नये हा त्या खर्चामागचा उघड हेतू होता. शीतयुद्ध संपल्यावर हेतू बदलला, संस्थेचे नावही १९९७ मध्ये बदलले, पण पैशाची वाट तीच राहिली. कामगारांच्या हक्कांसाठी येणारा परका पैसा कधीच निव्वळ कामगारांसाठी येत नाही, हे या क्षेत्रातील जाणत्यांना तेव्हाही ठाऊक होते आणि त्याबद्दल कोणी फारसे लाजतही नव्हते.

कागदावरचा कायदा आणि कारखान्यातला दिवस यांच्यात मात्र मोठे अंतर होते. सरकारी कामगार निरीक्षकांचे पगार इतके तुटपुंजे होते की निरीक्षणाची फेरी हे त्यांच्या मिळकतीचे साधन बनले होते, आणि कारखानदारही ते खर्चाच्या बाजूला धरून चालत. संघटना बांधण्याचे काम तर जिवावरचे होते. ३० मार्च १९९७ रोजी राष्ट्रीय सभेसमोर विरोधी पक्षनेते साम रेन्सी यांच्या सभेवर हातबाँब फेकले गेले आणि किमान सोळा माणसे मरण पावली. त्या जमावात शिवणकामगारही होते. साम रेन्सी यांच्या पाठिंब्याने उभी राहिलेली मुक्त कामगार संघटना त्या वेळी नुकतीच स्थापन झाली होती, आणि तिच्या संस्थापकांपैकी चिया विचिया यांनी पुढे १९९९ पासून तिचे नेतृत्व केले. त्यांच्या संघटनेच्या जोडीला, आणि अनेकदा तिच्या विरोधात, मालकधार्जिण्या आणि सत्ताधारी पक्षाच्या छायेतील संघटनाही निघाल्या.

१९९८ मध्ये अमेरिकी कामगार महासंघाने आपल्या सरकारकडे तक्रार केली की कंबोडियात कामगारांचे हक्क डावलले जात असल्याने त्या देशाच्या व्यापारी सवलतींचा फेरविचार व्हावा. त्याच सुमारास अमेरिकेत येणाऱ्या कंबोडियन कपड्यांचा ओघ इतका वाढला होता की त्यावर कोटा बसणार हे ठरल्यासारखेच होते. या दोन धाग्यांची गाठ मारून २० जानेवारी १९९९ रोजी द्विपक्षीय वस्त्र करार झाला. कोटा बसला, तो दर वर्षी ६ टक्क्यांनी आपोआप वाढणार होता, पण कंबोडियातील कारखाने देशाचा कामगार कायदा आणि आंतरराष्ट्रीय मान्यतेचे मूलभूत हक्क यांचे ‘भरीव पालन’ करत असल्याची अमेरिकेची खात्री पटली, तर त्यावर आणखी १४ टक्क्यांपर्यंत वाढ मिळणार होती. मूलभूत हक्क म्हणजे संघटना व सामुदायिक वाटाघाटींचे स्वातंत्र्य आणि वेठबिगार, बालमजुरी व भेदभाव यांना मनाई. त्यांची ही चौकट आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून १९९८ च्या जाहीरनाम्यात नुकतीच मांडली होती. तोवर व्यापार करारांत कामगार हक्कांचा उल्लेख येई तो शिक्षेच्या भाषेत. हक्क मोडले तर सवलत काढून घेऊ, असा तो धाक असे. येथे प्रथमच पाळल्याबद्दल बक्षीस ठेवले गेले. अर्थात बक्षीस देणाऱ्यानेच आधी दार अर्धे लोटून घेतले होते आणि आता ते थोडे उघडण्याची किंमत तो मागत होता, हेही विसरता येत नाही.

हा करार झाला त्या काळात भारतासह बहुतेक विकसनशील देश नेमक्या याच जोडणीला कडाडून विरोध करत होते. डिसेंबर १९९६ च्या सिंगापूर येथील मंत्रिपरिषदेत जागतिक व्यापार संघटनेने कामगार मानकांचा विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे सोपवला आणि स्वदेशी उद्योगांच्या संरक्षणासाठी त्यांचा वापर होऊ नये असे नमूद केले; १९९९ च्या अखेरीस तिची सिएटलची परिषद कोलमडली त्यातही हा वाद होता. भारतात डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंच्या कामगार संघटनांनी व्यापाराला कामगार मानके जोडणाऱ्या या ‘सामाजिक कलमा’ला विरोध केला होता. ज्या संघटनेकडे हा विषय सोपवला गेला तिच्याशी मराठी माणसाचा संबंध तसा जुना आहे. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या तिच्या पहिल्याच परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते, ज्यांच्या नावाचा रस्ता आज मुंबईच्या लोअर परळमधून जातो. परंतु आठ दशके ही संघटना सरकारांशी, मालकांशी आणि कामगारांच्या महासंघांशी बोलत आली होती. खासगी कारखान्याच्या फाटकातून आत शिरून तेथले हजेरीपुस्तक तपासण्याचे काम तिने कधी केले नव्हते.

ते काम तिच्याकडे आले ते अडचणीतून. करारात बक्षिसाची अट होती, पण पालन झाले की नाही हे कोण सांगणार, याचा उल्लेख नव्हता. सरकारी निरीक्षकांवर अमेरिकेचा विश्वास नव्हता, अमेरिकी निरीक्षक कंबोडियाला नको होते, आणि खरेदीदार कंपन्यांनी नेमलेल्या खासगी तपासनिसांवर कामगार संघटनांचा भरवसा नव्हता. डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेने भरीव पालन झालेले नाही असा निर्णय देऊन १४ टक्क्यांची वाढ नाकारली, आणि निःपक्ष तपासणीची व्यवस्था झाल्यास ५ टक्के देण्याची तयारी दाखवली. त्यानंतर काही महिन्यांतच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेशी बोलणी पक्की झाली. तीन वर्षांच्या प्रकल्पाचा खर्च १४ लाख डॉलर ठरला. त्यातील १० लाख अमेरिकी सरकारने, २ लाख कंबोडियाच्या सरकारने आणि २ लाख कारखानदारांच्या संघटनेने द्यायचे होते. या वाटणीला रकमेपेक्षा जास्त अर्थ होता, कारण ज्यांची तपासणी व्हायची त्यांचाही पैसा त्यात होता, आणि म्हणूनच अहवालांना निव्वळ परक्यांची ढवळाढवळ म्हणून बाजूला सारणे मालकांना अवघड गेले.

एक अडचण तरीही उरली होती. जादा कोटा साऱ्या देशाला मिळणार, मग एखाद्या कारखानदाराने स्वतःची तपासणी टाळून इतरांच्या चांगल्या वर्तनावर आपला वाटा का उचलू नये? यावर कंबोडियाच्या सरकारने काढलेला तोडगा साधा आणि परिणामकारक होता. मंत्र्याच्या आदेशाला ख्मेर भाषेत ‘प्रकास’ म्हणतात, आणि तो शब्द संस्कृत ‘प्रकाश’ वरूनच आलेला आहे. अशा एका प्रकासाने ठरवले गेले की तपासणीला मान्यता देणाऱ्या कारखान्यालाच अमेरिकेसाठी निर्यातीचा परवाना मिळेल. नाव नोंदवणे ऐच्छिक राहिले, परंतु नोंदवले नाही तर माल बंदरातच पडून राहणार होता. नाव नोंदवणारा कारखाना एका करारनाम्यावर सही करी, आणि त्यानुसार तपासनीस आधी कळवून किंवा न कळवता केव्हाही आत येऊ शकत.

तपासनीस कंबोडियाचेच होते आणि सुरुवातीला त्यांची संख्या जेमतेम आठ होती. त्यांच्या हातातील प्रश्नावलीत दीडशेहून अधिक बाबी होत्या आणि त्या देशाच्या कायद्यातून आणि मूलभूत हक्कांच्या चौकटीतून उचललेल्या होत्या. परदेशी कंपन्यांच्या आचारसंहितेतून आलेले काही त्यात नव्हते, ही त्या प्रश्नावलीची सर्वांत मोठी ताकद होती. दोन-तीन जणांचे पथक सकाळी फाटकावर पोहोचे. शिलाईच्या यंत्राला सुईपासून बोटांचे रक्षण करणारी जाळी आहे का, इस्त्रीच्या विभागात उष्मा किती आहे, पिण्याचे पाणी कोठे आहे, संडास किती आणि ते कुलूपबंद तर नाहीत ना, आग लागल्यास बाहेर पडायच्या दारासमोर खोकी रचली आहेत का, हे सारे डोळ्यांनी पाहून झाले की कागदांची पाळी येई. कागद हाच तपासणीचा खरा आखाडा होता. अनेक कारखान्यांत हजेरीची दोन पुस्तके असत. एक तपासनिसाला दाखवायचे, ज्यात जादा काम कायद्यातील दिवसाला दोन तासांच्या मर्यादेत बसलेले असे, आणि दुसरे खरे, ज्यावरून पगार निघे. या दोहोंतील तफावत पकडायची तर पगारपत्रक, कामाच्या तुकड्यांचा हिशेब आणि कामगारांचे शब्द एकमेकांशी ताडून पाहावे लागत, आणि म्हणून कामगारांशी बोलणे कारखान्याच्या बाहेर, मुकादमाच्या नजरेआड, तपासनिसांनीच निवडलेल्या मुलींशी होत असे.

या बोलण्यातून पुढे येणाऱ्या तक्रारी बाहेरच्याला किरकोळ वाटाव्यात अशा होत्या. उदाहरणार्थ, २००० सालापासून नियमित हजेरीबद्दल महिन्याला ५ डॉलरचा भत्ता लागू झाला होता. महिन्यातून एक दिवस आजारी पडलेल्या मुलीचा तो सगळाच्या सगळा भत्ता काही कारखाने कापून घेत. मूळ पगारच ४५ डॉलर असताना ५ डॉलर म्हणजे नवव्या भागाची कमाई गेली. जादा काम ऐच्छिक आहे असे कायदा म्हणे, आणि संध्याकाळी थांबण्यास नकार देणाऱ्या मुलीला दुसऱ्या दिवशी फाटकावरून परत पाठवले जाई. नोव्हेंबर २००१ मध्ये निघालेल्या पहिल्या एकत्रित अहवालात तीस कारखान्यांचे निष्कर्ष आले, त्यांत वेठबिगार आढळली नाही, बालमजुरी क्वचितच आढळली, पण पगारातील चुका, सक्तीचे आणि मर्यादेबाहेरचे जादा काम आणि संघटनेच्या हक्काची पायमल्ली यांचे प्रमाण मोठे होते. अमेरिकेतील वाचकांना भयकथेची सवय होती. येथे त्यांच्यासमोर हिशेबातल्या लबाडीची यादी आली, आणि खऱ्या कारखान्याचे स्वरूप बहुधा तसेच असते.

अहवालांच्या रचनेत एक चतुर योजना होती. पहिल्या फेरीनंतर कारखान्याला त्याच्या त्रुटी गुप्तपणे कळवल्या जात आणि दुरुस्तीसाठी काही महिने दिले जात. दुसऱ्या फेरीनंतरच्या अहवालात मात्र कारखान्याचे नाव आणि कोणती त्रुटी दुरुस्त झाली, कोणती नाही, हे उघड छापले जाई. हे अहवाल नॉम पेन्हमधील संघटना वाचत, वॉशिंग्टनमधील अधिकारी वाचत, आणि मोठ्या ब्रँडांचे खरेदी अधिकारीही वाचत. कोट्याचे बक्षीस देशाला होते, बदनामी मात्र नावागणिक होती. आणि बहुतेक कारखानदारांनी दुसऱ्या गोष्टीला जास्त भिऊन सुधारणा केल्या, असे मानायला जागा आहे. अमेरिकेने ५ टक्क्यांवरून बक्षीस ९ टक्क्यांवर नेले, २००१ च्या अखेरीस करार तीन वर्षांनी वाढवला, बक्षिसाची कमाल मर्यादा १८ टक्क्यांवर नेली, आणि शेवटच्या वर्षासाठी, म्हणजे २००४ साठी, १४ टक्के वाढ मंजूर केली. कामगारांची संख्या या काळात अडीच लाखांच्या पुढे गेली. पगार वेळेवर आणि बरोबर मिळण्याचे प्रमाण वाढले, हे निर्विवाद आहे.

पण पगार किती असावा, हा प्रश्न या यंत्रणेच्या कक्षेत नव्हता. तपासनीस कायदा पाळला जातो का ते पाही. कायद्याने ठरवलेला पगार पुरतो का, हे पाहणे त्याचे काम नव्हते. १९९७ मध्ये किमान वेतन महिन्याला ४० डॉलर होते. जून २००० मध्ये मुक्त कामगार संघटनेने ७० डॉलरच्या मागणीसाठी राजधानीत मोठा संप केला, आणि त्यातून ४५ डॉलर आणि वर उल्लेखलेला हजेरीभत्ता पदरात पडला. त्यानंतर बक्षिसाच्या साऱ्या वर्षांत, वस्तूंचे भाव वाढत असताना, हा आकडा जागचा हलला नाही. ५० डॉलर व्हायला २००७ उजाडावे लागले. जगभरच्या परिषदांत ज्या कारखान्यांचा नमुना म्हणून उल्लेख होत होता, त्यांतल्या मुलींचे खरे उत्पन्न त्या काळात घटत होते.

२२ जानेवारी २००४ रोजी, चिनी नववर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळी, चिया विचिया नॉम पेन्हमधील वाट लांका या बौद्ध मठाजवळच्या वृत्तपत्रांच्या ठेल्यापाशी वर्तमानपत्र वाचत असताना त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांना आधी धमक्या आल्या होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या संघटनेच्या आणखी एका कारखाना-नेत्याची, रोस सोवानारेथ यांची हत्या झाली आणि फेब्रुवारी २००७ मध्ये हाय वुथी यांची. चिया विचिया यांच्या खुनाबद्दल पोलिसांनी दोन तरुणांना पकडले. त्यांना शिक्षा झाली, २००८ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले, २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा तुरुंगात धाडले आणि सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अखेर निर्दोष ठरवले. दीडशे बाबींच्या प्रश्नावलीत संघटनेच्या स्वातंत्र्यावरचे प्रश्न होते, पण ते फाटकाच्या आतले होते. संघटनेचा नेता रस्त्यावर मारला जातो तेव्हा कारखान्याच्या अहवालात कोणत्या रकान्यात खूण करायची, याचे उत्तर या यंत्रणेकडे नव्हते, आणि त्याच वर्षी देशाला बक्षिसाचा सर्वांत मोठा कोटा मिळाला ही बाब इतिहासकाराला नजरेआड करता येत नाही.

अनुदानाच्या पैशातून झालेले एक काम मात्र त्या मानाने कमी गाजले आणि अधिक टिकले. अमेरिकी कामगार खात्याच्या मदतीने मे २००३ मध्ये लवाद परिषद स्थापन झाली. सामुदायिक तंटा तिच्याकडे आला की तीन लवाद बसत. एक मालकांच्या यादीतून, एक संघटनांच्या यादीतून आणि तिसरा या दोघांनी मिळून निवडलेला. दोन्ही बाजूंनी निवाडा बंधनकारक मानण्याचे आधी कबूल केले नसेल, तर मुदतीत हरकत घेऊन कोणतीही बाजू तो नाकारू शके, पण प्रत्येक निवाडा कारणांसह छापला जाई. ज्या देशातील न्यायालयांवर कोणाचाच विश्वास नव्हता, तेथे कारणे लिहून देणारी, लाच न घेणारी अशी एक जागा कामगारांना मिळाली. तपासणीपेक्षा हीच देणगी मोलाची होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

१ जानेवारी २००५ रोजी बहुतंतू व्यवस्था जगभर संपली आणि तिच्याबरोबर कोट्याचे बक्षीसही संपले. आता कोटाच नाही म्हटल्यावर तो वाढवून देण्याचे आमिषही राहिले नाही, आणि चीनपुढे कंबोडियाचे कारखाने टिकणार नाहीत, असे भाकीत सर्वत्र ऐकू येत होते. ते खरे ठरले नाही. निर्यात वाढतच गेली. याचे श्रेय कंबोडियाच्या चांगल्या नावाला देण्याची पद्धत पडली, आणि मोठ्या खरेदीदारांना बदनामीचा धोका नको होता हे त्यात खरेही आहे. परंतु अमेरिकेने २००८ च्या आणि युरोपने २००७ च्या अखेरीपर्यंत चिनी कपड्यांवर तात्पुरत्या मर्यादा घातल्या होत्या, हा त्या कथेतला गैरसोयीचा भाग सहसा सांगितला जात नाही. तपासणी चालू राहिली, तिला ‘बेटर फॅक्टरीज कंबोडिया’ हे नाव मिळाले, खर्चाचा वाटा कारखानदार आणि ब्रँड उचलू लागले, आणि २००६ च्या सुमारास अहवालांतून कारखान्यांची नावे गेली. नावे गेली तशी धारही गेली. कारखानदारांनी कायम नोकरीऐवजी तीन-सहा महिन्यांच्या कंत्राटांचा मार्ग धरला, त्यामुळे गरोदर मुलीला किंवा संघटनेत नाव घातलेल्या मुलीला कामावरून काढण्याची गरजच उरली नाही. कंत्राट पुढे वाढवले नाही की काम भागत असे. नावे पुन्हा छापायला मार्च २०१४ उजाडले, तेही परदेशी अभ्यासकांनी आणि संघटनांनी कठोर टीका केल्यानंतर.

त्याआधी दोनच महिने, ३ जानेवारी २०१४ रोजी, १६० डॉलर किमान वेतनासाठी संपावर गेलेल्या कामगारांवर नॉम पेन्हच्या वेंग स्रेंग रस्त्यावर लष्करी पोलिसांनी गोळीबार केला आणि किमान चार जण ठार झाले. संप मोडला, पण ८० डॉलरवर असलेले वेतन त्याच वर्षी १०० वर, पुढच्या वर्षी १२८ वर आणि २०१८ पर्यंत १७० वर गेले. चौदा वर्षांत तपासनिसांच्या फेऱ्यांनी जो आकडा हलवला नव्हता, तो या संपाने आणि त्यामुळे हादरलेल्या खरेदीदारांच्या पत्रांनी हलवला. सरकारने मात्र २०१६ मध्ये संघटनांच्या नोंदणीवर आणि संपावर जाचक अटी घालणारा नवा कायदा करून त्याची भरपाई करून घेतली.

नमुना तोवर परदेशी पोहोचला होता. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ यांनी ‘बेटर वर्क’ हा कार्यक्रम काढला, आणि जॉर्डन, व्हिएतनाम, लेसोथो, हैती, इंडोनेशिया, निकाराग्वा आणि पुढे बांगलादेश येथे कंबोडियाची प्रश्नावली थोड्याफार फरकाने वापरली जाऊ लागली. हैती आणि जॉर्डन यांचा अपवाद वगळता बहुतेक ठिकाणी कोट्यासारखे बक्षीस किंवा परवान्यासारखी सक्ती त्यामागे नव्हती. राहिले ते अनुदान आणि तपासनीस.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकी कामगार खात्याने परदेशांतील कामगार हक्कांसाठी, बालमजुरी आणि वेठबिगारी रोखण्यासाठी चाललेली आपली सर्व, म्हणजे ६९, अनुदाने एकदम रद्द केली. त्यांची एकूण रक्कम ५० कोटी डॉलरहून अधिक होती. कंबोडियातील शिवणकामगारांचे किमान वेतन त्या वर्षी महिन्याला २०८ डॉलर होते.